महाप्राणाचे मोजमाप : स्वागताध्यक्षीय भाषण

‘तार’, ‘थारा’, ‘दार’, ‘धार’ या चारही शब्दांच्या आरंभी जीभ एकाच जागी, वरच्या दातांच्या मागे टेकते. फरक पडतो तो गळ्यात : स्वरतंतू कंप कधी पावू लागतात आणि किती घट्ट मिटतात यावर. परिषदेच्या चर्चेचा विषय हाच असून त्यासाठी जमलेल्या ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत आहे.

ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतील स्पर्श व्यंजनांच्या मोजणीचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांत मराठीही होती. जीभ किंवा ओठ सुटण्याचा क्षण शून्य धरायचा आणि कंप त्याच्या किती आधी वा नंतर सुरू होतो ते मिलिसेकंदांत मोजायचे, एवढीच त्यांची रीत. ‘द’मध्ये कंप आधीच चालू असतो, म्हणून आकडा उणे येतो. ‘त’मध्ये तो स्फोटाला लागूनच सुरू होतो. ‘थ’मध्ये श्वासाचा झोत आड येतो आणि कंपाला उशीर होतो. ‘ध’ मात्र या मापाच्या हाती लागत नाही, कारण त्याचाही आकडा ‘द’सारखाच उणे. इंग्रजीला पुरणारे माप हिंदी-मराठीच्या चौथ्या व्यंजनापाशी थिटे पडले.

तैत्तिरीय प्रातिशाख्याने ही अडचण येऊच दिली नव्हती. कंठ मिटला की नाद, उघडला की श्वास, मधल्या अवस्थेत हकार. आणि वर्गातली चौथी व्यंजने या हकाराच्या खात्यात. उपकरणांनाही हेच दिसते. ‘धार’ म्हणताना स्वरतंतू कंपतात, पण पुरते मिटत नाहीत. फटीतून हवा निसटत राहते. परिणामी पुढच्या ‘आ’च्या आरंभी पहिला हार्मोनिक दुसऱ्यापेक्षा ठळक उमटतो. ‘म्हैस’, ‘न्हावी’ यांत हवा नाकातून वाहत असल्याने स्फोटच नाही. तिथे वेळ मोजायची तरी कुठून? तिथेही स्वरावरची ही खूणच उपयोगी पडते.

शब्दाच्या शेवटी प्रकरण अधिक नाजूक होते. बोलण्यात ‘दूध’चा ‘दूद’, ‘वाघ’चा ‘वाग’ होतो. पुढे स्वर नसल्याने खूण उमटायला जागाच नसते. ‘दुधाला’, ‘वाघाला’ म्हटले की तीच व्यंजने पुन्हा स्वराआधी येतात. म्हणून एकाच व्यक्तीकडून दोन्ही रूपे घ्यावी लागतात, आणि तीही चालू बोलण्यात, कारण शब्दांची यादी समोर ठेवली की भलेभले पुस्तकी उच्चार करू लागतात. मोजणी ‘प्रात’सारख्या मोफत सॉफ्टवेअरवर घरीही होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र पंखा बंदच हवा. त्याची घरघर नेमकी पहिल्या हार्मोनिकच्या आसपास मिसळते.