मज्जातंतूंची परीक्षा

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



जानेवारी २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत 'नांदेड' हे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या काळजात धस्स झाले असेल. ते आपले नांदेड नव्हे. पुण्याच्या सिंहगड रस्त्याजवळचे नांदेड गाव. त्या भागात गुइलेन-बॅरे म्हणजेच जी.बी.एस. या आजाराची साथ आली. संशय पाण्यावर गेला आणि काही रुग्णांत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला.

मी बी.ए., बी.एड.; विज्ञानाचा शिक्षक नव्हे. तरी या विषयावर बोलण्यास कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा जिना चढताना मध्येच बसू लागला. मी त्याला चारचौघांत कामचुकार म्हणालो. चौथ्या दिवशी त्याचे पाय लुळे पडले व त्याला लातूरला दवाखान्यात न्यावे लागले. तेथे त्याच्या मज्जातंतूंचा वेग मोजण्यात आला.

ही परीक्षा साध्या गणिताची आहे. एकाच तंतूला दोन ठिकाणी विजेचा सौम्य झटका देतात आणि स्नायूचे उत्तर किती वेळात येते ते पाहतात. दोन ठिकाणांत १० सेंटिमीटर अंतर व वेळेत २ सहस्रांश सेकंदाचा फरक असेल, तर वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ठीक. तोच फरक ५ झाला, तर वेग २० वर येतो. वेग घटला तर तंतूवरील आवरण खराब. उत्तरच क्षीण आले तर बहुधा तंतूच जखमी.

हे ज्ञान मुक्या जनावरांनी दिले. १९५५ साली वॅक्समन व ॲडम्स यांनी सशांना मज्जातंतूचा अंश टोचला, तेव्हा सशांचे शरीर स्वतःच्याच तंतूंवर उलटले. १९६४ मध्ये क्रॅग व थॉमस यांनी अशा आजारी जनावरांत हा वेग घटल्याचे मोजून दाखवले. पुढे २००४ मध्ये जपानच्या युकी व सहकाऱ्यांनी कॅम्पायलोबॅक्टरच्या आवरणातील द्रव्य सशांना टोचले, आणि त्यांचे पाय लुळे पडले. त्या द्रव्याची ठेवण आपल्या तंतूंतील एका घटकासारखीच असते. जंतूशी लढणारे शरीर फसते ते येथे.

तेव्हा पाणी उकळून प्या. जुलाबानंतर पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. श्वासही अडकू शकतो. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण सावरतात.

तो मुलगा आज चालतो. मी त्याची माफी मागितली आहे. यंत्राने मोजल्यावाचून डॉक्टर निदान पक्के करीत नव्हते. मी मात्र नुसत्या नजरेने निकाल देऊन मोकळा झालो होतो. आपण शिक्षकांनी व पालकांनी मूल बसले की आधी विचारावे, "बाळा, पाय दुखतात का?"