पिल्लाला काय ठाऊक असतं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीपासून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर येऊ लागतात. शंभरएक अंडी घालून, खड्डा बुजवून, आई दीड-दोन महिन्यांपूर्वीच समुद्रात गेलेली असते. कुत्र्या-कोल्ह्यांपासून जपण्यासाठी गावकरी ती अंडी कुंपणात हलवतात. पण पिल्लांना चालायचं कुठे, हे कोणीच शिकवत नाही.

पिल्लाला समुद्र ठाऊक असतो, असं आपण कौतुकानं म्हणतो. खरं तर त्याच्यापाशी असतो एक साधा नियम: क्षितिजालगत जिकडे उजेड तिकडे जायचं, उंच काळ्या सावलीकडे पाठ करायची. उघड्या किनाऱ्यावर रात्री समुद्राची बाजू उजळ असते आणि जमिनीकडची झाडं, टेकाडं काळी दिसतात. पाण्यात शिरलं की दुसरा नियम लागू होतो, येणाऱ्या लाटेला सामोरं पोहायचं. एवढ्या शिदोरीवर या जातीनं लाखो वर्षं काढली आहेत. आता किनाऱ्यालगत एखादा प्रखर दिवा लागला, तर तोच नियम पिल्लाला रस्त्याकडे नेतो. त्या वेळीही ते नियम तंतोतंत पाळत असतं, बदललेला असतो तो किनारा. मला याचंच फार वाईट वाटतं.

माणसाचं बाळही असंच काही घेऊन येतं. तळहातावर बोट ठेवलं की मूठ मिटते, गालाला स्पर्श झाला की तोंड तिकडे वळतं. जन्मताच अंग पुसून आईच्या उघड्या पोटावर पालथं ठेवलेलं बाळ पायांनी रेटत, मध्येच विसावत, वासाच्या आधारानं बहुधा तासाभरात छातीपर्यंत पोचतं आणि आपणहून पिऊ लागतं. १९८७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी याचं सविस्तर वर्णन केलं.

आपण मात्र नेमका तोच तास वजन, अंघोळ, दुपटं आणि नातेवाइकांच्या भेटीत घालवतो, आणि मग बाळ अंगावर पीत नाही म्हणून काळजी करत बसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिल्या तासातच स्तनपान सुरू व्हावं आणि अंघोळ चोवीस तासांनंतर घालावी. तुमच्या घरी बाळंतपण व्हायचं असेल, तर डॉक्टरांशी आणि परिचारिकांशी हे आधीच बोलून ठेवा. आई आणि बाळ दोघं सुखरूप असतील, तर वजनकाटा तासभर थांबू शकतो.