कलिन्याला कसे जायचे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी मला ‘उच्च शिक्षणाची दिशा’ असा विषय देण्यात आला होता. दिशेवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत, मला रस्त्यावर बोलू द्या, अशी विनंती मी चिटणीसांना केली. ती त्यांनी मान्य केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तेव्हा मी आज फक्त एवढेच सांगणार आहे की अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड येथून मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत, म्हणजे कलिन्याला, कसे जायचे.

काही जण हसले. हसा. पण हा प्रश्न आमच्या घरात १९८१ साली निघाला होता आणि त्याला उत्तर मिळाले नाही, म्हणून एका मुलीचे शिक्षण थांबले. ती माझी धाकटी बहीण. आम्ही तेव्हा घाटकोपरला राहत होतो. बी.ए.ला तिला चांगले गुण मिळाले होते आणि एम.ए.चा अर्ज तिने स्वतःच आणून भरला होता. अब्बांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “हे कलिना कुठे आले? जायचे कसे?” मी तेव्हा फोर्टमध्ये नोकरीला होतो. मला व्हीटी ठाऊक होते, कलिना नव्हते. मी म्हणालो, “बहुधा सांताक्रूझकडे. बसेस बदलाव्या लागतील.” अब्बांनी अर्जाची घडी केली आणि म्हणाले, “मग राहू दे.” भांडण नाही, रागावणे नाही. दोन मिनिटांत विषय संपला.

अब्बा शिक्षणाच्या विरोधात नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. त्यांना भीती वाटत होती, आणि ती दूर करील अशी माहिती घरात कुणाजवळच नव्हती. बाप जेव्हा ‘कसे जायचे’ असे विचारतो, तेव्हा तो बहुतेक वेळा ‘पाठवू की नको’ असे विचारत असतो. मला बसचा नंबर ठाऊक असता, तर निकाल वेगळा लागला असता असे मला आजही वाटते.

आता मुद्द्यावर येतो.

मुंबईत पहिली आगगाडी १८५३ साली धावली, बोरीबंदर ते ठाणे. विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. आधी रूळ, मग विद्यापीठ, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण ते विद्यापीठ फोर्टात होते. उपनगरांतल्या मुलांची सोय व्हायला फार काळ जावा लागला. सर महंमद युसूफ यांनी १९१४ साली आठ लाख रुपये देणगी दिली आणि त्यातून जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० साली इस्माईल युसूफ कॉलेज उभे राहिले. आपल्यापैकी कित्येकांचे वडील-आजोबा तिथे शिकले असतील. पुढे विद्यापीठाने कलिन्याला मोठी जागा घेतली, विभाग तिकडे हलवले आणि त्या परिसराला विद्यानगरी हे नाव दिले. आज पदव्युत्तर विभागांपैकी बरेचसे, परीक्षा भवन, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, उर्दू, फारसी, अरबीचे विभाग हे सारे तिथेच आहे. राजाबाई टॉवरचे आवार मात्र फोर्टातच आहे. म्हणून कागदावर ‘मुंबई विद्यापीठ’ एवढेच वाचून घर सोडू नका. खाली ‘विद्यानगरी’ लिहिले आहे की ‘फोर्ट’, ते बोट ठेवून वाचा. परीक्षेच्या दिवशी चुकीच्या आवारात जाऊन उभी राहिलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांचे चेहरे विसरता येत नाहीत.

बोरिवलीकरांनी धीमी लोकल धरून सरळ सांताक्रूझला उतरावे. जलद गाडी अंधेरीला न्यावी आणि तिथे बदलावी, असा मोह होतो. त्यात पाच मिनिटे वाचतात आणि पूल चढताना तीच जातात. सकाळी बोरिवलीहून सुटणारीच गाडी पकडा. विरारहून भरून आलेल्या गाडीत चढणे नव्या मुलाचे काम नव्हे. सांताक्रूझला पूर्वेला बाहेर पडा. तिथून कुर्ल्याकडे जाणाऱ्या बेस्टच्या बसेस विद्यापीठावरून जातात. ३१३ नंबरची कुर्ला-सांताक्रूझ बस जुन्या विद्यार्थ्यांना पाठ असते. तरी मार्ग बदलतात, म्हणून चढण्यापूर्वी कंडक्टरला ‘विद्यापीठ?’ एवढे विचारायला लाजू नका.

अंधेरीकरांना तर सांताक्रूझ दोनच स्टेशनांवर. त्यांनी तक्रार करू नये.

घाटकोपर आणि मुलुंडची गोष्ट वेगळी. आमच्या घरात जे कोडे पडले ते हेच, कारण मध्य रेल्वे एकीकडे आणि पश्चिम रेल्वे दुसरीकडे, आणि कलिना बरोबर मध्ये. खरे पाहता या दोन बाजूंना जोडणारी आगगाडी एकेकाळी होती. सेंट्रल साल्सेट ट्रामवे नावाची ती लाइन १९२८ साली सुरू झाली आणि तुर्भ्याहून, म्हणजे आपल्या ट्रॉम्ब्याहून, कुर्ला आणि कलिन्यावरून अंधेरीपर्यंत जात असे. १९३४ साली ती बंद पडली. विद्यापीठापुढच्या रस्त्याला सीएसटी रोड म्हणतात. लोकांना वाटते ते शिवाजी टर्मिनस. नाही, ती त्या बुडालेल्या ट्रामवेची आद्याक्षरे आहेत. त्यानंतर ऐंशी वर्षे घाटकोपरच्या माणसाने अंधेरीला जायला ३४० नंबरच्या बसमध्ये घाम गाळला.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि हे कोडे निम्मे सुटले. उरलेले निम्मे भुयारी मेट्रोने सोडवले. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये खुली झाली. तेव्हा घाटकोपरच्या मुलाने आज असे जावे : घाटकोपरला मेट्रोत बसावे, मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो धरावी आणि सांताक्रूझ किंवा त्याच्या पुढच्या वांद्रे कॉलनी स्थानकावर उतरावे. या वांद्रे कॉलनीचे नाव आधीच्या नकाशांत ‘विद्यानगरी’ असे होते. नाव बदलले म्हणून मुले गोंधळतात. पहिल्या दिवशी तिथून रस्ता विचारतच जा. दहिसर-बोरिवलीच्या मुलांनाही गुंदवलीपर्यंत मेट्रोने येऊन पुढे हाच मार्ग धरता येतो.

मेट्रोला पैसे जास्त पडतात, हे मला ठाऊक आहे. रोज दोन वेळा, महिन्याचे पंचवीस दिवस, असा हिशेब घालून पाहा. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी जुना मार्ग अजून उत्तम आहे. मुलुंड किंवा घाटकोपरहून लोकलने कुर्ला, पश्चिमेला बाहेर, आणि तिथून सांताक्रूझकडची बस. कुर्ला पश्चिमेला दोन गोष्टी सांभाळा. शेअर रिक्षांची जी लांब रांग दिसते ती बहुतेक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेऱ्यांकडे जाणाऱ्यांची असते; गर्दी जाते तिकडे तुम्ही जाऊ नका. आणि संध्याकाळी परतताना रस्ता तुंबतो, सकाळी वीस मिनिटांत गेलेल्या बसला पाऊण तास लागतो. आईने घड्याळ पाहत बसण्यापूर्वी ही पाऊण तासाची गोष्ट ऐकून ठेवावी.

पासाविषयी एक गोष्ट सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. विद्यार्थ्यांना रेल्वेच्या पासात सवलत मिळते आणि त्यासाठी महाविद्यालयाचा फॉर्म लागतो. त्याहून पुढची तरतूदही रेल्वेच्या नियमांत आहे. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य, आणि त्यात मदरशाच्या विद्यार्थ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कॉलेजच्या कचेरीत आणि पासाच्या खिडकीवर याविषयी विचारा. एका खिडकीवर नाही म्हटले तर स्टेशन मास्तरांकडे जा. आपल्याकडे विचारण्याची सवय कमी आणि परत फिरण्याची जास्त.

मुलींच्या पालकांसाठी म्हणून सांगतो : चर्चगेट-बोरिवली मार्गावर ५ मे १९९२ रोजी केवळ महिलांसाठी अशी पूर्ण लोकल सुरू झाली. अशा गाड्या आजही धावतात. महिलांचे डबे तर प्रत्येक लोकलला आहेत आणि त्यांत कॉलेजच्या मुली, शिक्षिका, परिचारिका रोज त्याच वेळी भेटतात. आठ दिवसांत ओळखी होतात. त्या डब्याची शिस्त आपल्या चाळीइतकी कडक आहे.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी थोडेसे. आपल्या कित्येकांचे भाचे-पुतणे कोकणातून मुलाखतीला, प्रवेशाला येतात. एस.टी.ने आलात आणि गाडी कुर्ला नेहरूनगरला थांबत असेल तर तिथेच उतरा. स्टेशन ओलांडले की पश्चिमेला बस आहे. कोकण रेल्वेने ठाण्याला किंवा दादरला उतरणे सोपे. उत्तरेकडून, दक्षिणेकडून येणाऱ्या पुष्कळ गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला येतात. त्याला लोक कुर्ला टर्मिनस म्हणतात, पण ते कुर्ला स्टेशन नव्हे. सामान घेऊन चालत जाऊ म्हणणारा पस्तावतो.

विमानाने येणाऱ्याला तर विद्यानगरी दाराशीच आहे. सांताक्रूझचे टर्मिनल एक आणि सहारचे टर्मिनल दोन, दोन्हींना भुयारी मेट्रोची स्थानके आहेत. आता मात्र एक नवी खबरदारी लागते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. स्वस्त तिकीट पाहून काढताना कुठला विमानतळ ते वाचा. तिथे उतरलात तर घाबरण्याचे कारण नाही, हार्बरच्या एखाद्या स्टेशनवर येऊन थेट कुर्ला गाठता येते. पण मुलाखत सकाळी दहाची असेल तर हिशेब साफ चुकतो.

अंतराची तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी बद्रुद्दीन तय्यबजींची आठवण देतो. १८६० साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी लंडनला पाठवले गेले. सुएझचा कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता, तो झाला १८६९ साली. त्यांच्या वडिलांनीही ‘कसे जायचे’ हे कुणाला तरी विचारलेच असणार. फरक एवढाच की त्यांना सांगणारा कुणी भेटला.

पावसाळ्याविषयी बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी फुगली, कुर्ला आणि कलिना पाण्यात गेले. त्या दिवशी माझी भाची विद्यानगरीत होती. होय, त्याच बहिणीची मुलगी. बहीण तेव्हा मुलुंडला राहत होती. लेकीला तिने स्वतः एम.ए.ला घातले होते, आणि कुणी ‘जायचे कसे’ म्हणताच आधीच लिहून ठेवलेला कागद पुढे केला होता. रात्रभर फोन लागला नाही. मी बहिणीकडे जाऊ शकलो नाही, गाड्या बंद होत्या. पहाटेपर्यंत ती गॅलरीत उभी होती, असे शेजाऱ्यांनी नंतर सांगितले.

भाची दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचली, बरेचसे अंतर चालत. रात्र तिने कलिना गावठाणातल्या एका ख्रिस्ती कुटुंबात काढली होती. वर्गातल्या मैत्रिणीचे ते घर. तिच्या आजीने कोरडे कपडे दिले, भात वाढला आणि वरच्या खोलीत झोपवले. नातेवाईक जमले आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, आता पुरे झाले हे कलिना. मीही गप्प होतो, हे मला कबूल केले पाहिजे. बहीण म्हणाली, “भाईजान, तेव्हाही तुम्ही गप्पच होतात.” आणि पुढच्या आठवड्यात गाड्या सुरू झाल्यावर तिने लेकीचा पास स्वतः रांगेत उभे राहून काढला. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला सांगतो : पावसाळ्यात विद्यानगरीजवळच्या एका तरी मैत्रिणीच्या, मित्राच्या घराचा पत्ता आईजवळ लिहून ठेवा, आणि त्या घरी एकदा आधी जाऊन या.

शेवटी एक सूचना. या वर्षी आपल्या संस्थेच्या तीन विद्यार्थिनींना विद्यानगरीत प्रवेश मिळाला आहे, दोघी मुलुंडच्या, एक घाटकोपरची. त्यांच्या वडिलांनी मला विचारले, एखाद्या रविवारी रस्ता दाखवाल का? मी म्हणालो, रविवार नको, रविवारी कुर्ला रिकामे असते. येत्या सोमवारी सकाळी पावणेआठला मी घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला, तिकीट खिडकीपाशी उभा असेन. जाताना मेट्रोने जाऊ, येताना कुर्ल्याच्या बसने. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. पालकांनी मुलांसोबत स्वतः यावे. पायांत चालायच्या चपला घाला, आणि तिकिटाचे पैसे सुटे आणा.