नापास कोण?



२०२४ च्या 'असर' पाहणीचा आकडा ऐका. देशभरच्या खेड्यापाड्यांत पाचवीच्या शंभर पोरांतल्या जेमतेम ४९ जणांना दुसरीचा धडा वाचता येतो. भागाकार येतो ३१ जणांना. पेपरवाले लगेच म्हणतात, पोरं कच्ची!

मी विचारतो, कच्चं कोण? आपल्या रायगडातली कातकऱ्यांची बिऱ्हाडं पाऊस सरला की वीटभट्ट्यांवर जातात. पोरंही संगं जातात. इथं हजेरीपटावर गैरहजेरी. मग भागाकार शिकवणार कोण, मुकादम? त्यात २०२३ साली राज्यानं पाचवी-आठवीत नापास करायची वाट पुन्हा उघडली. शाळा पोरापर्यंत पोचली नाही, आणि शिक्षा पोरालाच!

प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगाला सांगितलं होतं.

म्हणून मी परीक्षा मोडा म्हणत नाही. ती आपल्या हातात घ्या. 'असर'वाले घरोघर जाऊन एकेका पोराला वाचायला लावतात, पण ही पाहणी खेड्यांपुरती. मुंबईच्या झोपडपट्ट्या तिच्याबाहेर. तुम्ही तिथलेच. दुसरीचा एक धडा आणि हातच्याची एक वजाबाकी घेऊन आपल्या वस्तीत दारोदार फिरा. कुणाला येत नाही ते लिहा. शाळा किती दिवस भरली, वर्गाला मास्तर होता का, हेही शेजारी लिहा. मग ती यादी शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, साहेब, यात नापास कोण?

जय भीम!