नागिणीनंतरची वेदना आणि तिच्यावरील औषधे

नागिणीचे पुरळ सुकून खपल्या गळून पडल्या तरी काही रुग्णांची, विशेषतः साठी उलटलेल्यांची, त्या जागची आग आणि ठणका थांबत नाही, आणि अंगातल्या सदऱ्याचा स्पर्शही त्यांना सोसवत नाही. तीन महिन्यांनंतरही टिकणाऱ्या अशा दुखण्याला वैद्यकात ‘पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया’, म्हणजे नागिणीनंतरची मज्जातंतुवेदना, असे नाव आहे. कांजिण्यांचा विषाणू कण्यालगतच्या मज्जापेशींच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती क्षीण झाली की नागिणीच्या रूपाने पुन्हा जागा होऊन तेथील मज्जातंतूलाच इजा करतो. असा दुखावलेला तंतू त्वचेवर कोणतीही जखम उरली नसतानाही मेंदूकडे वेदनेचे संदेश पाठवत राहतो.

इबुप्रोफेनसारखी नेहमीची वेदनाशामके मुख्यतः दाह निर्माण करणाऱ्या रसायनांना आवर घालतात. येथे बिघाड संदेशवहनातच असल्यामुळे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून मूळच्या अपस्मारावरील गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन, तसेच नैराश्यावरील अ‍ॅमिट्रिप्टिलिन या औषधांचा आधार घेतला जातो. अमेरिकेत १९९३ मध्ये अपस्मारासाठी मान्यता मिळालेल्या गॅबापेन्टिनला २००२ मध्ये या वेदनेसाठीही मान्यता मिळाली. ते मज्जातंतूच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियम-मार्गांच्या एका घटकाला चिकटते आणि त्यामुळे तेथून स्रवणारी संदेशवाहक रसायने कमी होतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन मात्र मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारी वेदनारोधक यंत्रणा बळकट करते. ते लिहून दिले म्हणजे रुग्णाचे दुखणे मानसिक ठरवले, असा अर्थ घेणे चुकीचे आहे.

ही औषधे अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवावी लागतात, कारण गुंगी व भोवळ येऊन वृद्ध रुग्ण पडण्याचा धोका असतो. मूत्रपिंडे अशक्त असल्यास गॅबापेन्टिनची मात्रा घटवावी लागते, तर हृदयविकार, काचबिंदू किंवा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असल्यास अ‍ॅमिट्रिप्टिलिन टाळणे अथवा फार जपून देणे इष्ट ठरते. वेदनेची जागा मर्यादित असेल, तर लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी त्वचेवर लावता येते.

गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि वेदना पूर्णपणे नाहीशी होईलच असे नाही. ती निम्म्यावर येऊन रात्रीची झोप परत मिळाली, तरी उपचार यशस्वी मानला जातो. म्हणूनच चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून गोळ्या एकाएकी बंद न करता, पुरेशा मात्रेत पुरेसा काळ घेऊनही गुण न आल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरे औषध निवडणे, हाच योग्य मार्ग होय.