बंद दुकानांची कुलपे

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाचे आजोबा मुंबईत लालबाग-परळ भागात राहत असतील, तर त्यांना एक गोष्ट जरूर विचारा. गिरणीचा भोंगा कसा वाजत असे? त्या भोंग्यावर सारे गिरणगाव उठत असे आणि कामाला लागत असे. 1982 साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. भोंगेही थांबले.

आज मी तुम्हांला अशाच एका शहराविषयी सांगणार आहे. ते दूर ऑस्ट्रेलियात आहे. त्याचे नाव न्यूकॅसल. सिडनीच्या उत्तरेला, हंटर नदी समुद्राला मिळते तिथे ते वसले आहे. आसपासच्या जमिनीत कोळसा भरपूर. त्यामुळे 1915 साली तिथे पोलादाचा प्रचंड कारखाना सुरू झाला. एके काळी 10,000 हून अधिक माणसे तिथे काम करीत.

मग शहराचे दिवस फिरले. 28 डिसेंबर 1989 रोजी सकाळी तिथे भूकंप झाला. 13 माणसे दगावली, कितीतरी इमारतींना तडे गेले. लोक खरेदीसाठी उपनगरांतल्या नव्या, मोठ्या बाजारांत जाऊ लागले. आणि 1999 साली तो कारखानाच बंद झाला. बंदरातून कोळशाची जहाजे पूर्वीसारखीच ये-जा करीत होती. पण हंटर स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर दुकानामागून दुकान बंद होत गेले. काचांवर धूळ, दारांना कुलपे.

मार्कस वेस्टबरी हा याच शहरात वाढलेला तरुण. त्याने भर वस्तीतून हिंडून रिकाम्या इमारती मोजल्या. त्या भरल्या सुमारे 150! दुसरीकडे, गावात दागिने घडवणारे, चित्रे काढणारे, छायाचित्रे टिपणारे, कपडे शिवणारे कितीतरी लोक होते. त्यांना जागा हवी होती. पण भाडे परवडत नव्हते.

तुम्ही म्हणाल, मग मालकांनी जागा स्वस्तात का नाही दिल्या? मालकांना भीती वाटे. एकदा भाडेकरू आत शिरला आणि निघालाच नाही तर? चांगले भाडे देणारा कोणी आला, तर त्याला काय सांगायचे?

2008 साली मार्कसने ‘रिन्यू न्यूकॅसल’ ही संस्था काढली. तिने जो तोडगा शोधला, तो मला फार आवडतो. शेजारचे काका परगावी जाताना खोलीची किल्ली तुमच्या आईकडे देतात आणि म्हणतात, “मुलांना अभ्यासाला बसू द्या. मी आलो की खोली मोकळी करा.” तसेच हे होते. जागा भाड्याने द्यायची नाही, फक्त वापरायला द्यायची, तीही 30 दिवसांपुरती. मालकाला गरज नसेल, तर आणखी 30 दिवस. विम्याची आणि कागदपत्रांची कामे संस्था पाही. कलाकारांनी जागा झाडायची, रंगवायची आणि दार उघडे ठेवायचे.

कुलपे निघू लागली. एका खिडकीत दागिने दिसू लागले, दुसरीत चित्रे. 2011 साली डेव्हिड जोन्स नावाचे भले मोठे दुकान बंद झाले, तेव्हा त्याच्या इमारतीतही छोटी छोटी दुकाने मांडली गेली. त्याआधीच, 2010 च्या अखेरीस, प्रवाशांसाठी पुस्तके काढणाऱ्या लोन्ली प्लॅनेट या संस्थेने पुढच्या वर्षी पाहण्याजोग्या जगातल्या 10 शहरांत न्यूकॅसलचे नाव घेतले.

पण एक सांगायला हवे. भट्टीवर काम केलेल्या माणसाला या दुकानांमुळे त्याचे जुने काम परत मिळाले नाही. शिवाय रस्ता गजबजला, तसे भाडे देणारे येऊ लागले. मग मालकाचा निरोप येई. कलाकाराने स्वतः रंगवलेली खोली महिन्याभरात सोडायची! काहींनी त्याच गावात भाड्याने जागा घेऊन दुकान चालू ठेवले. काहींनी सामान खोक्यांत भरले. 2019 साली संस्थेनेही आपले काम थांबवले.

तुमच्या गावातही एखादे बंद दुकान असेल. ते कोणाचे, त्यात पूर्वी काय विकत, कोणाला ठाऊक आहे? हात वर करा पाहू.