मधल्या क्षणाचं विज्ञान



जोतिबाच्या डोंगराखालच्या गावांत सध्या ऊसतोड जोरात आहे. लोहार कोयता लालभडक तापवतो, ठोकतो आणि पाण्यात बुडवतो. चर्र आवाज येतो, वाफ उठते. याला तो ‘पाणी देणं’ म्हणतो. पाणी नीट बसलं तर धार हंगामभर टिकते, नाही तर पातं वळतं किंवा तडकतं. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि आज त्या चर्र आवाजाविषयीच बोलणार आहे.

तापलेल्या पोलादात लोखंडाचे अणू एका मांडणीत असतात, गार पोलादात दुसऱ्या. शुद्ध लोखंडात हा बदल 912 अंश सेल्सिअसला होतो. पोलाद हळूहळू निवलं तर आतल्या कार्बनला बाजूला सरकायला सवड मिळते. पाण्यात बुडवलं की ती सवड संपते. कार्बन अडकून पडतो, मांडणी ताणली जाते आणि पोलाद कडक होतं. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून. आधीची मांडणी कळते, नंतरचीही कळते. मधे काय होतं?

अणू डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात दिसत नाहीत. त्या प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या हजारो पट मोठी असते. क्ष-किरणांची मात्र त्या अंतराएवढीच. रोंटगेन यांनी 1895 मध्ये हे किरण शोधले. पुढे ब्रॅग पिता-पुत्रांनी त्यांच्या मदतीनं स्फटिकांतली अणूंची मांडणी उलगडली. 1915 चं नोबेल दोघांना मिळालं, तेव्हा मुलगा लॉरेन्स अवघा 25 वर्षांचा होता. मुलांनो, हा आकडा लक्षात ठेवा.

पण ते चित्र स्थिर होतं. अणू हलतात ते फेमटोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागांच्या हिशोबात. सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका फेमटोसेकंदात केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकाही पुढे जात नाही. एवढ्या चपळ हालचालीचा फोटो काढायचा तर झोतही तेवढाच आखूड हवा. अमेरिकेत स्टॅनफर्डजवळ 2009 मध्ये क्ष-किरणांचा असा लेसर सुरू झाला. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ 3.4 किलोमीटर लांबीच्या यंत्रणेत 2017 पासून काम चालू आहे. इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं पळवायचे आणि चुंबकांच्या लांबच लांब रांगेतून नागमोडी न्यायचे, की असे झोत मिळतात.

प्रयोगाची युक्ती मला फार आवडते. लेसरचा पहिला झोत पदार्थात बदल घडवतो, त्याच्या मागून आलेला क्ष-किरणांचा झोत फोटो काढतो. दोघांमधला उशीर ठरवायला घड्याळ लागत नाही. लेसरच्या वाटेतला एक आरसा दीड दशांश मिलिमीटर सरकवला की प्रकाशाला जाऊन-येऊन तीन दशांश मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजेच 1000 फेमटोसेकंदांचा. आरसा थोडाथोडा सरकवत, पुन्हा पुन्हा फोटो घेत, शेवटी चित्रपट जुळवायचा.

असा एक चित्रपट व्हॅनेडियम डायऑक्साइडचा आहे. 68 अंशांच्या खाली त्यातून वीज नीट वाहत नाही, वर गेलं की तो धातूसारखा वागतो. गार असताना त्यातले व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून बसतात, तापले की जोड्या सुटतात. लेसरचा झोत पडल्यावर सगळ्या जोड्या एका तालात सुटत असतील, असं बरेच जण समजत होते. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या मिरवणुकीत सासनकाठ्या मानाच्या क्रमानं शिस्तीत जातात, तसं. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या लेसरवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि दिसलं ते निराळंच. अणूंच्या एका कंपनाला लागतो तेवढ्या वेळात प्रत्येक जोडी आपापल्या दिशेनं विस्कटते, गुलालात प्रत्येक सासनकाठी स्वतःच्या तोलानं नाचावी तशी. हे आधीच्या आणि नंतरच्या चित्रावरून कधीच कळलं नसतं.

आपल्या देशात क्ष-किरणांचा असा लेसर अजून नाही. तो व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण आपण हात बांधून बसलेलो नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रखर लेसरचा अतिसूक्ष्म झोत घन पदार्थावर मारून क्ष-किरणांचे आखूड झोत मिळवतात. 2012 मध्ये तिथल्या गटानं काचेवर ई. कोलाय जिवाणूंचा थर दिला, तेव्हा क्ष-किरण कितीतरी पटींनी वाढले. ई. कोलाय आपल्या आतड्यात राहतात! इंदूरला इंडस-2 हा क्ष-किरणांचे झोत देणारा सिंक्रोट्रॉन आहे. त्याचे झोत एवढे आखूड नसले तरी देशभरातले संशोधक आपापले नमुने घेऊन तिथे जातात. आणि खाली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांवरचं संशोधन कित्येक वर्षं चालू आहे. बसनं जाऊन यायचं अंतर आहे.

शिक्षकांना एक विनंती. प्रयोगशाळेत शिवणाच्या दोन पोलादी सुया पक्कडीत धरून लाल तापवा. एक लगेच पाण्यात बुडवा, दुसरी ज्योतीपासून अगदी सावकाश दूर नेत निवू द्या. मग डोळ्यांवर चष्मा लावून, दोन पकडींनी दोन्ही वाकवून पाहा. दुसरी वाकेल, पहिली कट्‌कन मोडेल. मुलांनो, सर कारण सांगायच्या आत तुमच्या वहीत तुमचा अंदाज लिहून ठेवा. चुकला तरी खोडू नका.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!